युरोपात इंग्रजीतून वैद्यकीय शिक्षण: वर्गातली भाषा आणि वॉर्डातली भाषा

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी यंदा बारावीला आहे, तिला डॉक्टर व्हायचंय. हातात आलेल्या माहितीपत्रकात मध्य युरोपातल्या एका विद्यापीठाचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम ‘पूर्णपणे इंग्रजीतून, स्थानिक भाषेची गरज नाही’ असा दिलाय. फी आणि राहणं-खाणं मिळून वर्षाला पंधरा हजार युरोंच्या आत बसवायचंय. देश कोणता निवडावा? स्थानिक भाषा खरंच लागत नाही का? आणि ही पदवी पुढे कुठे चालते?

मी हंगेरीत इंग्रजी माध्यमातून वैद्यकीय पदवी घेतली, जर्मनीत मेडिसिनची रेसिडेन्सी (पदवीनंतरचं विशेष प्रशिक्षण) केली आणि आता तिथेच रुग्णालयात काम करते. बुडापेस्ट, क्राको, प्राग, पाविया अशा ठिकाणी इंग्रजीतून शिकलेली मुलं आमच्याकडे इलेक्टिव्हसाठी (स्वतः निवडलेल्या रुग्णालयातल्या थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणासाठी) आणि नंतर नोकरीसाठी येत असतात, त्यामुळे या वाटेचे दोन्ही टोकांचे हाल मला माहीत आहेत. तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्याच्यावर टेकलेली आहेत.

‘पूर्णपणे इंग्रजीतून’ हे बहुतेक वेळा खरं असतं. ‘स्थानिक भाषेची गरज नाही’ हे खरं नसतं. पहिली दोन वर्षं अ‍ॅनाटॉमी, हिस्टॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी. व्याख्यानं इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. हॉस्टेलवर नॉर्वेजियन, इराणी, इस्रायली, भारतीय मुलं एकमेकांशी इंग्रजीतच बोलतात. या काळात दुकानात सामान घेण्यापुरती भाषा आली तरी निभावतं, आणि नेमका इथेच घात होतो. मुलं भाषेचा तास हा हजेरीपुरता विषय समजतात.

तिसऱ्या वर्षी वॉर्ड सुरू होतो. सात-आठ मुलांचा गट एका खाटेभोवती उभा असतो. रुग्ण ऐंशीच्या घरातला, खेड्यातून आलेला, कवळी काढून ठेवलेली. हंगेरियनमध्ये ‘होल फाय?’ म्हणजे कुठे दुखतं आणि ‘मिओता फाय?’ म्हणजे कधीपासून, हे दोन प्रश्न विचारायला कुणालाही येतात. पंचाईत होते उत्तर आलं की. आजोबा तीन मिनिटं बोलतात. शिकवणारे डॉक्टर वळून गटाला इंग्रजीत सांगतात, ‘तीन दिवसांपासून छातीत दुखतंय.’ मधलं सगळं गळालं. दुखणं जिना चढताना येतं की जेवल्यावर, थांबलं की कमी होतं का, डाव्या हातात उतरतं का, औषधाच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून त्यांनी मध्ये बंद केल्या होत्या का. निदान त्या गळालेल्या भागात असतं. ज्याला भाषा कळते तो विद्यार्थी केस शिकतो, बाकीचे सहा जण केसचा सारांश शिकतात. चार वर्षं असं चाललं की दोघांमधला फरक काम करताना उघडा दिसतो. अशा मुलांचं पुस्तकी ज्ञान उत्तम असतं, पण हिस्टरी घ्यायला, म्हणजे रुग्णाला विचारून आजाराची हकीकत काढायला, बसवलं की पाच मिनिटांत प्रश्न संपतात.

विद्यापीठांनाही हे ठाऊक आहे. म्हणून हंगेरी, चेक प्रजासत्ताक, पोलंड, स्लोव्हाकिया, रोमानिया, बल्गेरिया या देशांत इंग्रजी अभ्यासक्रमातही स्थानिक भाषा हा विषय सुरुवातीच्या वर्षांत असतो आणि पुढे त्याचंच ‘वैद्यकीय हंगेरियन’, ‘वैद्यकीय चेक’ असं रूप होतं. बऱ्याच ठिकाणी ती परीक्षा पास झाल्याशिवाय क्लिनिकल, म्हणजे रुग्णांजवळ शिकायच्या, विषयांकडे जाता येत नाही. इटलीत सक्तीचं प्रमाण विद्यापीठागणिक कमी-जास्त आहे, पण वॉर्डात इंग्रजी बोलणारा रुग्ण तिथेही क्वचितच भेटतो.

यातून सुटका हवी असेल तर युरोपात दोनच-तीन जागा आहेत. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये रुग्णही इंग्रजीच बोलतो. माल्टा विद्यापीठात शिक्षण इंग्रजीत आणि बहुतेक रुग्णांना इंग्रजी येतं, जरी वयस्कर माणसं माल्टीजमध्येच मोकळी होतात. मात्र आयर्लंडमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याची फी वर्षाला पन्नास हजार युरोंच्या पुढे जाते, आणि इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या जागांवर सरकारची मर्यादा आहे, शिवाय यूकॅट ही प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत. तुमच्या आकड्यात हे बसत नाही, म्हणून पुढे जाते.

आणखी एक वाट आधीच बंद करते. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत वैद्यकीय अभ्यासक्रम जर्मन भाषेतच आहे. फ्रान्समध्ये फ्रेंच, ऑस्ट्रियात जर्मन, स्वीडन-डेन्मार्कमध्ये त्यांची त्यांची भाषा. ‘जर्मनीत इंग्रजीतून मेडिकल, फी शून्य’ अशी जाहिरात दिसली तर पान उलटा. हँबर्गमध्ये इंग्रजीतून शिकवणारा एक कॅम्पस आहे खरा, पण तो रोमानियातल्या तर्गू मुरेशच्या विद्यापीठाचा. पदवी रोमानियाची मिळते, आणि फी शून्य तर मुळीच नाही.

आता देश. तुमचं बजेट बघता मी पहिलं नाव इटलीचं घेईन, आणि लगेच सांगेन की ते सगळ्यांत अवघड दारही आहे. पाविया, मिलान, बोलोन्या, पादोवा, तोरिनो, रोममधलं सापिएन्झा, नेपल्स, बारी, मेसिना अशा सरकारी विद्यापीठांत सहा वर्षांचे इंग्रजी अभ्यासक्रम आहेत. फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. त्यासाठी ‘इझे’ नावाचा हिशेब काढून घ्यावा लागतो आणि परदेशी कुटुंबांना त्याचाच समांतर प्रकार लागू होतो. उत्पन्न कमी असेल तर फी काहीशे युरोंवर येते, जास्तीत जास्त साधारण चार हजारांच्या आसपास. वर प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ, मेसचं जेवण आणि कधी हॉस्टेलची खोलीही. पहिल्या वर्षानंतर ती टिकवायला विषय पास करून ठरावीक क्रेडिट मिळवावे लागतात, हे मुलं विसरतात. उत्पन्नाचे दाखले, मालमत्तेचे कागद, त्यांचं भाषांतर आणि प्रमाणीकरण या कामाला काही महिने लागतात, म्हणून निकालाची वाट न बघता ते सुरू करायचं.

दार अवघड आहे ते आयमॅट या प्रवेशपरीक्षेमुळे. शंभर मिनिटांत साठ प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. बरोबर उत्तराला दीड गुण, चुकीला ०.४ वजा, कोरं सोडलं तर शून्य. जीवशास्त्राचं वजन सर्वांत जास्त, मग रसायन, मग भौतिकशास्त्र आणि गणित, थोडं तर्क आणि वाचन. जिची बारावीची तयारी पक्की आहे तिला अभ्यासक्रम नवा वाटणार नाही. नवा वाटतो तो वेळ. वजा गुणांचं गणित मात्र मुलीला आधीच समजावून द्या. पाचांतला एक पर्याय डोळे मिटून निवडला तर सरासरी हिशेब शून्याच्या किंचित खाली जातो. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं की उरलेल्या चारांतून निवडणं किंचित फायद्याचं होतं, दोन बाद करता आले तर स्पष्ट फायद्याचं. म्हणजे ‘माहीत नसेल तर सोडून दे’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला इथे पुरता बरोबर नाही.

युरोपीय संघाबाहेरच्या, परदेशात राहणाऱ्या उमेदवारांसाठी प्रत्येक विद्यापीठात वेगळ्या जागा असतात आणि आजवरच्या नियमांनुसार ज्या विद्यापीठाला पहिली पसंती दिली त्याच्याच यादीत नाव लागतं. त्यामुळे पसंती भरणं हाच अर्धा डाव. मिलान-बोलोन्याला सगळेच धावतात. त्याच गुणांवर लहान शहरातलं विद्यापीठ मिळून जातं, आणि तिथे खोलीचं भाडंही कमी असतं. २०२५ पासून इटालियन भाषेतल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांची प्रवेशपद्धत बदलली, तिथे आता पहिलं सत्र सगळ्यांना खुलं आणि त्यातल्या परीक्षांवर पुढची निवड. इंग्रजी अभ्यासक्रमांना ते लागू झालं नाही, आयमॅट कायम राहिली. नेटवर दोन्हींची सरमिसळ झालेली दिसते, म्हणून सांगितलं. मिलानजवळचं ह्युमॅनितास किंवा सान राफाएले ही खासगी विद्यापीठं आहेत, त्यांच्या परीक्षा वेगळ्या आणि फी तुमच्या आकड्याबाहेर.

हंगेरी, चेक आणि पोलंड यांचं गणित उलटं आहे. आत जाणं त्या मानाने सोपं, आत टिकणं कठीण. हंगेरीत सेमेलवाइस, पेच, देब्रेत्सेन आणि सेगेद. चेकमध्ये चार्ल्स विद्यापीठाच्या प्राग, प्लझेन आणि ह्रादेत्स क्रालोवे इथल्या फॅकल्टी, बर्नोचं मासारिक, ओलोमोउत्सचं पालात्स्की. पोलंडमध्ये क्राकोचं यागिएलोनियन, शिवाय वॉर्सा, पोझनान, ग्दान्स्क, वुच. यांतल्या बऱ्याच ठिकाणी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. फी बहुतेक ठिकाणी वर्षाला दहा हजार युरोंच्या वर, नामांकित ठिकाणी बरीच वर. राहणं-खाणं धरलं की तुमचा आकडा ओलांडला जाईल. रोमानिया आणि बल्गेरियात फी त्याहून उतरते. क्लूज, याश, तिमिशोआरा, सोफिया, प्लोव्दिव, वार्ना ही तिथली जुनी, ओळखीची नावं.

टिकणं कठीण का, ते नीट समजून घ्या, कारण माहितीपत्रकात हे कधीच नसतं. परीक्षा तोंडी असतात. मधल्या चाचण्या पास करून आधी ‘क्रेडिट’, म्हणजे परीक्षेला बसण्याची पात्रता, मिळवायचं, ते नसेल तर मुख्य परीक्षेला बसता येत नाही. मग परीक्षेचा कित्येक आठवड्यांचा मोसम येतो, त्यात आपण आपली तारीख विद्यापीठाच्या प्रणालीवर स्वतः निवडायची. हंगेरीत तिला ‘नेप्तुन’ म्हणतात आणि तारखा खुल्या होण्याच्या रात्री अख्खं हॉस्टेल लॅपटॉपपुढे जागं असतं. परीक्षेच्या दिवशी टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या ठेवलेल्या. एक उचलायची, त्यावर दोन-तीन विषय, थोडा वेळ विचार, आणि मग प्राध्यापकासमोर बसून बोलायचं.

अ‍ॅनाटॉमीत ही चिठ्ठी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी होते. परीक्षक चिमट्याने दंडाच्या मागून जाणारा पांढरा दोर उचलतात. ‘हे काय?’ रेडियल नर्व्ह. ‘कुठून निघाली?’ ब्रॅकियल प्लेक्ससच्या मागच्या कॉर्डमधून. ‘इथे हाड मोडलं तर पेशंट कसा दिसेल?’ मनगट लोंबकळेल. ‘कोपर सरळ करता येईल?’ इथे मुलं अडकतात. कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्स स्नायूकडे जाणाऱ्या या नर्व्हच्या फांद्या वरच निघालेल्या असतात, म्हणून मोडण्याची जागा बघून सांगायचं, हाडाच्या मध्यावर मोडलं असेल तर बहुधा येईल. एमसीक्यूवर, म्हणजे पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांवर, वाढलेल्या मुलाला हे उत्तर चार पर्यायांत दिसलं तर तो ओळखेल. रिकाम्या हवेत, समोर प्राध्यापक बसलेले असताना, वाक्यं जुळवून सांगायचं म्हणजे वेगळीच कसरत. आणि ती इंग्रजीत. बारावीला नव्वद टक्के मिळवणारी मुलं पहिल्या हिवाळ्यात अ‍ॅनाटॉमीत आडवी होतात ती अभ्यास कमी पडला म्हणून नाही, मोठ्याने बोलून अभ्यास केला नाही म्हणून. चार्ल्स विद्यापीठात एका परीक्षेला मूळ संधी धरून तीन प्रयत्न मिळतात, पुढे गाडी थांबते. इतर ठिकाणीही मर्यादा आहेतच. इटलीतही तोंडी परीक्षांचंच राज्य आहे, पण तिथे तीसपैकी गुण देतात, अठराला पास, आणि मिळालेले गुण पसंत नसतील तर सहसा ते नाकारून पुन्हा बसता येतं. ही सवलत मध्य युरोपातून आलेल्या कुणालाही सांगा, हेवा वाटेल.

मुलीला आतापासून एकच सवय लावायची असेल तर ही: रोज एक विषय, वही मिटून, पाच मिनिटं इंग्रजीत मोठ्याने समजावून सांगायचा. ऐकायला कुणी असो वा नसो.

तिसरा प्रश्न, पदवी कुठे चालते. इथे ‘युरोपियन पदवी, जगभर मान्य’ हे वाक्य इतकं सैल वापरलं जातं की त्याचे तुकडे करूनच बघावं लागतं.

युरोपीय संघाचं २००५/३६ हे निर्देशपत्र मूळ वैद्यकीय शिक्षण किमान पाच वर्षांचं आणि ५५०० तासांचं असावं असं सांगतं. त्यात बसणाऱ्या पदव्यांना संघातल्या इतर देशांत आपोआप मान्यता मिळते. दोन बारीक गोष्टी मात्र इथे आहेत. पहिली, हा हक्क मूळात संघाच्या नागरिकांना दिलेला आहे. तुमची मुलगी ती नसेल, तर त्या त्या देशाचा कायदा काय म्हणतो ते बघावं लागतं. जर्मनीने २०१२ मध्ये नागरिकत्वाची अट काढली, तिथे पदवी कुठली एवढंच पाहतात. सगळ्यांनी तसं केलेलं नाही. दुसरी, मान्यता पदवीला मिळते, माणसाला कामावर घेताना भाषा वेगळी तपासली जाते, आणि तशी तपासायला निर्देशपत्रच परवानगी देतं. जॉर्जिया, सर्बिया हे देश संघात नाहीत, तिथल्या पदवीला ही आपोआप मान्यता मिळत नाही. एजंटच्या नकाशात मात्र हे सगळं एकाच निळ्या रंगात असतं.

भाषा कशी तपासतात त्याचा जर्मनीतला नमुना सांगते, कारण बहुतेक मुलांची नजर तिकडेच असते. आधी बी-टू पातळीचं सर्वसाधारण जर्मन (युरोपात भाषेच्या पातळ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत मोजतात). मग वैद्यकीय भाषेची परीक्षा, सी-वन पातळीची, तासाभराची, तीन भागांत: वीस मिनिटं रुग्णाशी बोलून हिस्टरी, वीस मिनिटं तीच केस लेखी मांडणं, वीस मिनिटं ती वरिष्ठ डॉक्टरला सांगणं. रुग्णाच्या भूमिकेत परीक्षकच असतो आणि मुद्दाम बोलीभाषेत, तक्रारीच्या सुरात बोलतो. वैद्यकीय ज्ञान इथे मोजत नाहीत. तरीही सगळ्यांत आधी आपटतात ते हुशार पण हिस्टरी न घेतलेले विद्यार्थी. ज्याने सेगेदमध्ये हंगेरियन आजोबांकडून हिस्टरी काढली आहे त्याला जर्मनमध्ये तेच करायला शब्द तेवढे नवे शिकावे लागतात, ढाचा अंगात मुरलेला असतो. भाषेचा मुद्दा मी आधी घेतला तो यासाठी.

राहिली त्याच देशात काम करण्याची गोष्ट. इटलीत २०२० पासून पदवी हीच परवाना देणारी झाली. शेवटच्या वर्षांत तीन महिन्यांचं मूल्यमापन होणारं प्रात्यक्षिक असतं, एक महिना मेडिसिन, एक सर्जरी, एक फॅमिली डॉक्टरकडे, आणि परवान्यासाठी वेगळी सरकारी परीक्षा उरली नाही. पण स्पेशलायझेशनची राष्ट्रीय परीक्षा, १४० प्रश्नांची, इटालियनमध्ये असते. पोलंडमध्ये लेक नावाची अंतिम परीक्षा आहे, दोनशे प्रश्न, ५६ टक्क्यांना पास. इंग्रजी अभ्यासक्रमाच्या मुलांना ती इंग्रजीत देता येते, कामाला मात्र पोलिश लागतं. पोलंडची पदवी इतर देशांत मान्य करून घेताना या परीक्षेचं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं, म्हणून ‘मी काही इथे राहणार नाही’ म्हणून ती टाळू नये.

अमेरिकेत जायचं असेल तर ‘वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स’ या यादीत त्या विद्यापीठाचं पान उघडून ईसीएफएमजीची (परदेशी वैद्यकीय पदवीधरांना तपासणारी अमेरिकन संस्था) नोंद आहे का ते बघा. विद्यापीठाचं नाव आहे एवढ्यावर थांबू नका, पानावरची टीप वाचा. यूएसएमएलई या अमेरिकेतल्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा २०२२ पासून फक्त पास-नापास झाला, त्यामुळे सगळा भार दुसऱ्या टप्प्यावर आणि शिफारसपत्रांवर गेलाय.

आणि भारतात परतायचं असेल तर एनएमसीचे (भारताचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नोव्हेंबर २०२१ चे नियम या वाटेवर बरेच बोचतात. ‘नीट’ या भारतीय प्रवेशपरीक्षेची पात्रता हवी. एकाच संस्थेत किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, इंग्रजी माध्यमातून. त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप. शिवाय ती पदवी ज्या देशाची, तिथल्या नागरिकाप्रमाणेच तिथे वैद्यकीय परवाना मिळण्याची पात्रता. सगळं दहा वर्षांच्या आत, आणि परतल्यावर भारतात परीक्षा आणि पुन्हा वर्षाची इंटर्नशिप. आता इटलीचे तीन महिने यासमोर ठेवून बघा. हंगेरीत सहावं वर्ष पूर्ण रोटेशनचं असतं, मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, न्यूरॉलॉजी असं, आणि त्यातला काही भाग परवानगीने आपल्या देशातल्या रुग्णालयात करण्याची तिथे जुनी पद्धत आहे. मुलांना ती सवलत आवडते, घरी राहायला मिळतं. पण ‘त्याच संस्थेत’ या अटीपुढे तीच सवलत गळ्याशी येते. परतायचा विचार एक टक्का जरी असला तरी सहाव्या वर्षाचा एकही आठवडा बाहेर करू नका, आणि बारा महिन्यांची इंटर्नशिप विद्यापीठ स्वतः देणार का, हे प्रवेशाआधी लेखी घ्या.

इरॅस्मस, म्हणजे काही काळ दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकण्याची युरोपीय योजना, याबद्दल एक ओळ: युरोपातल्या सहभागी विद्यापीठात नाव असलं की नागरिकत्व कुठलंही असो, अर्ज करता येतो. ‘एकाच संस्थेत’ ही अट डोक्यात ठेवून मगच करा.

पैशांचं फार लांबवत नाही. फीच्या पलीकडे पहिल्या वर्षी लागतं ते व्हिसासाठी दाखवायचं बँकेतलं शिल्लक, आरोग्य विमा, घराची अनामत आणि पहिल्या आठवड्यांतलं कागदी काम. इटलीत पोहोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्याचा अर्ज पोस्टातून भरायचा असतो, तो चुकवू नये. अर्धवेळ काम कायद्याने करता येतं, इटलीत आठवड्याला वीस तासांपर्यंत. पण पहिल्या दोन वर्षांत त्यावर घरखर्च धरून चालू नका. अ‍ॅनाटॉमी आणि हॉटेलातली भांडी एकत्र जमवलेली मुलं मी बघितली आहेत, त्यांच्यातली बरीच एक वर्ष मागे पडली, आणि एका वर्षाची जादा फी त्या कमाईहून मोठी होती.

एजंटबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. काही विद्यापीठांचे अधिकृत प्रतिनिधी असतात आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर नावानिशी दिलेले असतात. ते परीक्षा घेतात, कागद तपासतात, त्यात गैर काही नाही. पण त्यांना पैसे विद्यापीठाकडून मिळतात, त्यामुळे ते तुमच्या मुलीला तिच्या सोयीचं नव्हे, त्यांच्या यादीतलं विद्यापीठ सुचवणार. इटलीच्या सरकारी विद्यापीठांत मध्यस्थाला वावच नाही, म्हणून त्यांच्या तोंडी इटलीचं नाव क्वचित येतं.

तुमच्या मुलीसाठी मी असं करीन. ‘नीट’ परीक्षा ती देणारच असेल, पात्रता मिळवून ठेवावी. आयमॅटचा अर्ज भरावा, पसंती मोठ्या शहराबाहेरची द्यावी, आणि इटालियनचे तास आत्ताच सुरू करावेत. ती परीक्षा साधारण सप्टेंबरात होते, तोवर इतर विद्यापीठांच्या मुदती उलटून जातात, म्हणून हंगेरी किंवा रोमानियातला एक अर्ज समांतर चालवावा. भारतात परतायचं पक्कं असेल तर मात्र क्रम उलटा करावा लागेल, आधी बारा महिन्यांच्या इंटर्नशिपची लेखी हमी देणारं विद्यापीठ, मग देश. जर्मनी डोळ्यांपुढे असेल तर तिसऱ्या वर्षापासून जर्मन, आणि सुट्टीतली प्रॅक्टिस जर्मन रुग्णालयात. तेव्हा ती तिथल्या स्थानिक भाषेच्या जोडीला दुसरी भाषा शिकत असेल. जड जाईल, पण जमतं. मला जमलं, आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना जमलं.

माहितीपत्रकवाल्यांना आगाऊ रक्कम देण्याआधी त्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला मुलीने स्वतःच्या ईमेलवरून लिहावं. स्थानिक भाषेची परीक्षा कोणत्या सत्रात आणि नापास झाल्यास काय होतं. एका विषयाला किती प्रयत्न. पहिल्या वर्षी दाखल झालेल्यांपैकी किती जण दुसऱ्यात जातात. पदवीनंतर किंवा शेवटी बारा महिन्यांची इंटर्नशिप तिथेच मिळते का, आणि तिचं प्रमाणपत्र कुठल्या नावाने देतात. इंग्रजी अभ्यासक्रमाच्या परदेशी पदवीधराला त्या देशात परवाना मिळण्यासाठी आणखी काय लागतं. चांगली विद्यापीठं यांची उत्तरं काही दिवसांत, मुद्देसूद देतात. उत्तर आलंच नाही, किंवा विद्यापीठाऐवजी एजंटचा फोन आला, तर ते नाव यादीतून काढा आणि पुढच्याला लिहा.